खालच्या काकांचा ताबा

खालच्या काकांचा तोंडी शब्दावर विश्वास नव्हता. दूधवाला म्हणाला, "उद्या येणार नाही," की ते दारातूनच सांगत, "लिहून दे." दूधवाल्याला लिहिता येत नसे, म्हणून ते स्वतःच लिहीत आणि खाली त्याचा अंगठा घेत. जुनी शुक्रवारी मोहल्ल्यातल्या आमच्या दुमजली घरात वर आम्ही राहायचो आणि खाली ते, आमचे भाडेकरू. आडनाव झाडे, पण बाबांनी ते उच्चारायचं कधीच सोडलं होतं. बाबांच्या तोंडी ते फक्त 'खालचे' असत, आणि त्या शब्दात मजला कमी, शिवी जास्त असे. आम्ही मुलांनी त्याला 'काका' जोडून तो जरा सभ्य करून घेतला.

काका वीजखात्यात होते. कोराडीचं वीजघर झालं तशी त्यांची तिकडे बदली झाली. सकाळच्या बसने जायचे आणि संध्याकाळी खांद्यांवर राखेचा हलका थर घेऊन परतायचे. तिथल्या कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळत होता. बाबांना ही बातमी लागली तेव्हा त्यांनी मोठ्या आशेने जिन्यावरूनच विचारलं, "काय, क्वार्टर घेतला का?"

"नाही घेतला मालक."

"काहून?"

"दिवसभर राख खातो. घरी आल्यावर माणसाले इथल्या विहिरीचं गोड पाणी नको का?"

बाबा चार पायऱ्या उतरले होते, ते तशाच चार चढून गेले.

बाबांना खालचा मजला कशाला हवा होता, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. आपला आहे आणि आपल्याला मिळत नाही, एवढं कारण त्यांना पुरत होतं. सिव्हिल लाईन्समधल्या रेंट कंट्रोलरला ते पुरत नव्हतं. भाडेकरूला काढायचं तर आधी या साहेबाची परवानगी लागे, आणि परवानगीला खरं कारण लागे. बाबा हायस्कूलात गणित शिकवत. दिलेल्या उत्तराला साजेशी रीत मांडणं त्यांना अवघड नव्हतं.

काकांचा क्लास मात्र रविवारी सकाळी भरे, आमच्याच ओट्यावर, आमच्याच खिडकीखाली. मोहल्ल्यातले धास्तावलेले भाडेकरू येऊन बसत आणि काका बनियनवर त्यांना शिकवत.

"मालक म्हणते, घर खाली कर. तू काय म्हनशील गा?"

"हो म्हनीन. थोडे दिवस द्या म्हनीन."

"गेलं तुहं घर! अरे, मालकाच्या म्हनन्यानं घर खाली होत नाही. आधी कंट्रोलरची परवानगी. मंग नोटीस. मंग कोर्टात दावा. मंग अपील. तू पहिल्याच पायरीवर मांडी घालून बस."

मालक भाडं घेत नसेल तर मनिऑर्डर करा आणि पोचपावती जपा. कोऱ्या कागदावर सही करू नका. नळ बंद केला तर भांडू नका, अर्ज करा. कुलूप लावून महिनोन्महिने गावी राहू नका. हे सगळं ते आमच्या विहिरीचं पाणी पीत सांगत, आणि वर बाबा दहावीच्या वह्यांवर इतक्या जोरात लाल रेघा मारत की कागद फाटत.

पहिला अर्ज बाबांनी मौदा गावच्या पुतण्याच्या नावाने केला. पुतण्याचं लग्न ठरलं आहे, त्याला संसार थाटायला खालचा मजला हवा आहे. सुनावणीला काका वकिलाशिवाय गेले, इस्त्रीचा कोट घालून.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "या पुतण्याच्या लग्नाले मी सोता गेलो होतो. मालकासंगं, एकाच बैलगाडीत. मांगच्या वैशाखात. जेवन लय चांगलं होतं."

बाबा विसरूनच गेले होते की आमंत्रण त्यांनीच दिलं होतं. अर्ज फेटाळला गेला. घरी आल्यावर बाबांनी दोष दिला पुतण्याला, की त्याने लग्नाची फार घाई केली.

दुसऱ्या वेळी बाबांनी लिहिलं की घर धोकादायक झालं आहे, दुरुस्तीसाठी खालचा मजला रिकामा करून मिळावा. पाहणीला इन्स्पेक्टर आला. बाबांनी त्याला ओल आलेली भिंत दाखवली, पोपडे दाखवले. काकांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग अदबीने म्हणाले, "साहेब, जरा वर बी पाहून घ्या." वर नेऊन त्यांनी बाबांच्या खाटेच्या बरोबर वरची भेग दाखवली. तिच्यात त्यांचं बोट सहज गेलं. अहवाल आला तो असा: तळमजला मजबूत, वरच्या मजल्यावरील रहिवाशांनी काळजी घ्यावी. बाबांनी खाट दुसऱ्या कोपऱ्यात ओढली.

मग आईला अर्धांगाचा झटका आला.

मेडिकलच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून अरुंद लाकडी जिन्याने वर चढवलं. न्हाणी आणि संडास खाली अंगणात. म्हणजे रोज दोनदा ती खुर्ची खाली यायची आणि दोनदा वर जायची. काकांची ड्यूटी नसे त्या दिवशी खुर्चीचा पुढचा पाय त्यांच्या हातात असे. आता गरज खरी होती. वकील खूश झाला. म्हणाला, "गुरुजी, आता कसं! हा अर्ज कोणी फेटाळू शकत नाही."

पण बाबांचा हात कागदावर चालेना. दोनदा खोटं लिहून झालं होतं. आता खरं लिहायचं म्हणजे त्याच साहेबापुढे उभं राहायचं, आणि बाजूला तो इस्त्रीचा कोट. काकांनी एकदा स्वतःहून विषय काढला. आई खुर्चीत, खुर्ची जिन्याच्या मध्यावर, खालच्या बाजूला काका, वर बाबा आणि मी.

"मालक, अर्ज करा. या खेपेला मी विरोध नाही करत."

"स्वतःच्या घरात यायला मी तुमच्यापुढे अर्ज करू?"

"माह्यापुढे नाही. कंट्रोलरपुढे. रीतसर होऊ द्या."

"रीत मला शिकवू नका!"

"शिकवून नाही राहिलो. सांगून राहिलो."

आईची जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "आधी मले खाली ठेवा," ती म्हणाली. "मंग भांडा."

असे दोन महिने गेले. कायद्याने एक बरोबर होता, हक्काने दुसरा, आणि आई मधल्या पायरीवर लटकलेली. त्या दिवसांत मला दोघांचाही सारखाच राग येई.

शेवटी निकाल लावला खालच्या काकूंनी. एका बुधवारी बाबा शाळेत आणि काका कोराडीला गेल्यावर त्या वर आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला वहिनी." शेजारच्या तीन बायका आणि नाक्यावरचे दोन हमाल त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. मी दिवसभर भांडी वाहिली. चारपर्यंत आमचा संसार खाली आला होता आणि त्यांचा वर गेला होता.

बाबा सवयीने थेट वर गेले, तर तिथे काकू भाकरी थापत होत्या. सहाला काका आले. दार ढकललं तर त्यांच्या जागी आई खाटेवर. "या भाऊजी," ती म्हणाली. काकांनी हातातला डबा उंबऱ्यावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "अर्ज कोनी केला?"

जिन्यावरून काकूंचा आवाज आला, "मी केला. मंजूर बी मीच केला. वर या, जेवाले."

काकांची भाडेचिठ्ठी तळमजल्याची होती, आणि तळमजला तर सुटला होता. वरच्या मजल्याचा त्यांच्याजवळ एक कागद नव्हता. ज्याने अर्ध्या मोहल्ल्याला ताबा सोडू नका म्हणून बजावलं, त्याचा ताबा बायकोने एका दुपारी उचलून दिला होता. बाबांच्या वकिलालाही हे लगेच कळलं. "आता तो भाडेकरूच राहिला नाही गुरुजी," तो म्हणाला, "आता त्याला काढणं सोपं."

त्या रविवारी ओट्यावर माणसं जमली. काका जिना उतरून आले आणि म्हणाले, "जा गा घरी. माह्याच कागदाचा भरोसा नाही, तुमाले काय सांगू?" मग दिवसभर आमच्या डोक्यावर त्यांच्या येरझारा वाजत राहिल्या.

बाबा आईजवळ बसून होते. वकील काय म्हणाला ते त्यांनी तिला सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा खूप वर्षांनी उजळला होता.

"चिठ्ठी लिहून द्या त्यायले," आई म्हणाली.

"इतक्या वर्षांत एक संधी आली आहे."

"त्या बाईनं घर दिलं, तवा मले कागद मागितला होता का?"

बाबांनी वर पाहिलं. येरझारा चालूच होत्या. मग त्यांनी कागद घेतला, वरच्या मजल्याची चिठ्ठी लिहिली आणि स्वतः घेऊन गेले. मी मागोमाग गेले. काकांनी ती उभ्यानेच तीनदा वाचली. म्हणाले, "मालक, तारीख राहिली."

बाबांनी तारीख घातली. काकूंनी चहा ठेवला.

पुढे काका सहा वर्षं वर राहिले, आणि आमच्या घरात त्यांना शेवटपर्यंत 'खालचे' म्हणत. आई चौथ्या वर्षी गेली, खालच्याच खोलीत. काका रिटायर झाले आणि एका सकाळी बाबांसमोर किल्ली ठेवून म्हणाले, "घर खाली करून राहिलो मालक. मौद्याकडं गावी जातो, भावाजवळ."

"मी मागितलं कुठे?" बाबा म्हणाले.

"म्हनून तर देऊन राहिलो. मागितलं असतं तर नसतं देलं."

बाबांनी किल्लीला हात लावला नाही. ते म्हणाले, "असं एकदम जाता येत नाही. भाडेकरूलाही पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कायदा आहे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते वर गेले आणि नोटीस लिहून आणली. ते पंधरा दिवस दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर बसत. सोळाव्या दिवशी ट्रक आला. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. बाबा आत जाऊन वह्या तपासत बसले. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या.

वरचा मजला बाबांनी पुन्हा कोणाला दिला नाही. लोक विचारायला येत, चांगले, शांत, सरकारी नोकरीतले. बाबा सगळ्यांना परत पाठवत. एकदा मी विचारलं, "का नाही देत?"

"नको," बाबा म्हणाले. "भाडेकरूंचं काही खरं नसतं. सोडून जातात."