बुधवारचा फुरका

पांढरा रस्सा चमच्यानं पिणारा माणूस माझ्या मनातून उतरतो. मग तो कितीही शिकलेला असो, कितीही सज्जन असो. वाफाळती वाटी समोर आली की ती हातानं उचलायची, ओठाला लावायची आणि आवाज करत ओढायची. त्या आवाजाला आमच्याकडे फुरका म्हणतात. फुरका न मारता रस्सा पोटात जातो, पण अंगाला लागत नाही. हे मत माझं नाही, आमच्या सर्व्हेअरांचं. मला फुरका मारायला त्यांनीच शिकवलं, आणि तेही माझी तिशी उलटून गेल्यावर.

आम्ही चौघं पन्हाळ्याच्या एका सरकारी कचेरीत होतो. मी टायपिस्ट, पुढे कॉम्प्युटर आल्यावर त्याच खुर्चीत बसून क्लार्क झाले. एक अकौंटंट, एक शिपाई आणि जमिनीची मोजणी करणारे हे सर्व्हेअर. चौघंही राहायला कोल्हापुरात. सकाळच्या एसटीनं वर जायचं, संध्याकाळच्या एसटीनं खाली यायचं. पावसाळ्यात वर इतकं धुकं की खिडकी उघडी राहिली तर टेबलावरचे कागद पापडासारखे सादळायचे. दिवसभर त्या गारठ्यात बसून, उतरताना वाघबीळचा घाट मागं पडला की पोटात कावळे ओरडायला लागत. इतर दिवशी आम्ही आपापल्या घरी जात असू. बुधवारी मात्र स्टँडवर उतरून चालत शाहूपुरीतल्या एका गल्लीतली खानावळ गाठायची, असा शिरस्ता पडला होता.

बुधवारच का, तर दुसरा वार शिल्लकच नव्हता. माझा सोमवार महादेवाचा. अकौंटंटांचा गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. शिपाईमामांचे मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे. रविवार ज्याच्या त्याच्या घरचा. सर्व्हेअरांचं घर बौद्ध, त्यामुळे पौर्णिमा सोडली तर त्यांना सगळे दिवस मोकळे. ते म्हणायचे, "तुमच्या देवांनी समदं वार वाटून घेतलं. बुधवार तेवढा माझ्या वाट्याला ठिवला. लई उपकार झालं की!" यावर शिपाईमामा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

खानावळ म्हणजे एका घराच्या पुढच्या दोन खोल्या. मालकीणबाई स्वतः चुलीपाशी, मालक गल्ल्यावर. बाहेरच्या खोलीत बाकं आणि लांब टेबलं. बाजूला एक चिंचोळी खोली, तिच्या दारावर फुलाफुलांचा पडदा आणि वर पाटी, 'फॅमिली रूम'. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला बघताच मालक उठले आणि त्यांनी तो पडदा वर धरला. "बाईमाणूस हाय. आत बसा."

मी निघालेही होते. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पडदा वर धरला की आत जायचं, हे अंगवळणीच पडलेलं असतं. पण सर्व्हेअर बाहेरच्या खोलीत मधोमध उभे राहिले.

"ताई हापिसात आमच्या शेजारी बसत्यात, एसटीत बसत्यात. मग हितंच पडदा कशापायी?"

"गिऱ्हाईक बघत्यात वो," मालक म्हणाले.

"बघू द्यात की. चोरून जेवाय आल्यात व्हय त्या?"

आणि त्यांनी भिंतीकडचं एक बाक पायानं पुढे ओढून मला हातानं बसायची खूण केली. मी बसले. खरोखरच सगळं गिऱ्हाईक बघत होतं. माझे कान तापले होते आणि सर्व्हेअरांचा रागही आला होता. नको तिथं या माणसाला शौर्य सुचतं, असं मनात म्हटलं.

मग ताटं आली. चारही एकदम आली. हे सांगायला आज साधं वाटतं, पण आमच्या घरी, माहेरी काय आणि सासरी काय, मटणाच्या दिवशी बायका शेवटी बसत. तोवर पातेल्यात तळाचा रस्सा आणि दोन हाडं. तक्रार नव्हती कुणाची, ती पद्धतच होती. त्या दिवशी मटणाची वाटी पुरुषांच्या बरोबरीनं माझ्यासमोर आली आणि तिच्यात चांगले मऊ तुकडे होते. मी बरीच वर्षं पगार आणत होते, पण मी कमावती आहे असं मला पहिल्यांदा त्या बाकावर बसून वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी तांबड्या रश्श्याच्या नावावर खपवलं.

पांढरा रस्सा मात्र मी आवाज न करता पीत होते. आईनं लहानपणी चापट मारून शिकवलेलं होतं. सर्व्हेअरांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "औषध पिताय व्हय, ताई? असं बघा." त्यांनी वाटी उचलली आणि असा फुरका मारला की चुलीपाशी मालकीणबाईंनी मान वर केली. त्यांच्या फुरक्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असायचा. शेवटी 'हाऽ' असा समाधानाचा उसासा. मला चार-पाच बुधवार लागले. ज्या दिवशी मला नीट जमला, त्या दिवशी मालकांनी गल्ल्यावरून सांगितलं, "आता झाल्या ह्या गिऱ्हाईक!" तेव्हापासून चौघांनी वाट्या एकदम उचलायच्या आणि पहिला फुरका एकदम मारायचा, असं ठरून गेलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.

आम्ही एकेक करत निवृत्त झालो, बुधवार निवृत्त झाला नाही. आता शहरात चकचकीत हॉटेलं निघालीत, तिथं लोक जेवणाचे फोटो काढेपर्यंत रस्सा गार करतात. आमच्या खानावळीनंही रंग बदलला. मालक गेले, गल्ल्यावर मुलगा आला, फॅमिली रूमला एसी लागला आणि फुलाफुलांच्या पडद्याजागी जाड मरून रंगाचा पडदा आला. रस्सा तोच राहिला.

मग सर्व्हेअरांच्या गालात गाठ निघाली. मोजणीच्या उन्हात उभं राहायचं तर तोंडात काहीतरी पाहिजे, म्हणून जन्मभर तंबाखू धरली होती. आम्ही सांगून थकलो होतो. ऑपरेशन झालं, एका बाजूचा जबडा काढला. जीव वाचला, पण ओठ त्या बाजूला मिटत नाहीत. पातळ तेवढं जातं, तिखट चालत नाही, आणि जे पितात त्यातलं थोडं हनुवटीवर येतं. त्यांनी बुधवार बंद केला. आम्ही घरी भेटायला जायचो तेव्हा चहा आमच्यापुरताच यायचा.

एका दुपारी त्यांच्या मंडळींचा फोन आला. "ताई, ह्ये आता घरात बी दार लावून जेवत्यात. नातवाला सुदिक आत येऊ देत न्हाईत. म्हनत्यात, मी ह्याच्यापुढं कुणादेखत जेवणार न्हाय. माणसात बसायचं सोडलं की माणूस खचतो वो. तुमीच काय तरी करा."

आम्ही तिघांनी विचार केला. एकदा ते आमच्यात बसून दोन घोट प्यायले तरी भीड चेपेल, असं वाटलं. त्यांना संकोच वाटू नये, कुणी टक लावून बघू नये, म्हणून मीच खानावळीत फोन केला आणि फॅमिली रूम राखून ठेवायला सांगितली. फार शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं मला. हो-नाही करत ते तयार झाले.

बुधवारी संध्याकाळी सर्व्हेअरांना त्यांच्या मुलानं गाडीवरून आणून सोडलं. गळ्याभोवती टॉवेल, अंगानं निम्मे. शिपाईमामांनी त्यांना हाताला धरून आत नेलं, मी पडदा नीट ओढून घेतला. एसी होता. टेबलावर प्लास्टिकची फुलं होती. त्यांच्यासाठी पांढरा रस्सा वेगळा, कोमट करून आला. अकौंटंटांनी वाढप्याला हळूच खूण करून चमचे मागितले.

"चमचं?" वाढप्यानं दोनदा विचारलं.

सर्व्हेअरांना फुरका मारता येणार नव्हता. मग त्यांच्यासमोर आपण मारायचा नाही, हे आम्ही एकमेकांना न सांगताच ठरवलं होतं. आम्ही तिघं मान खाली घालून चमच्यानं रस्सा प्यायला लागलो. सुतकातल्या घरात जेवावं तसे. पडद्यापलीकडून लोकांचे फुरके ऐकू येत होते. सर्व्हेअरांनी वाटीला हात लावला नव्हता. ते पडद्याकडे बघत होते.

त्यांचे शब्द आता सांडत येतात, कान देऊन ऐकावं लागतं. ते म्हणाले, "ही खोली कुणी सांगितली?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मीच, भाऊ. तुम्हाला बरं पडावं म्हणून."

ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण ते हसणं मला ओळखीचं होतं.

"ताई, मी तुमास्नी भाईर काढलं. आन् तुमी मला आत बशीवलं व्हय?"

इतक्या वर्षांत ती गोष्ट त्यांनी एकदाही काढली नव्हती. लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. मी उठले आणि पडदा खसकन बाजूला ओढला, दोन कड्या निखळून खाली पडल्या. बाहेरची बाकं गच्च भरलेली होती. सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. मी परत वळले तेव्हा सर्व्हेअरांनी टॉवेल हनुवटीवर घट्ट दाबून धरला होता. बोलणं सोपं होतं, असं लोकांदेखत बसणं नव्हतं. पडदा परत लावा असं त्यांनी म्हटलं असतं, तर मी लावला असता. ते म्हणाले नाहीत.

मी बसले, चमचा बाजूला ठेवला, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि जन्मात मारला नसेल असा फुरका मारला. शेवटचा 'हाऽ'सुद्धा चुकवला नाही. साठी उलटलेल्या बाईनं असला आवाज काढावा, हे कोल्हापुरातसुद्धा रोजचं नाही. जवळच्या बाकावरची पोरं हसायला लागली, एका बाईनं नवऱ्याला कोपर मारलं, गल्ल्यावरचा मुलगा उभा राहिला. जो तो माझ्याकडेच बघत होता. शिपाईमामांनी चमचा टाकून माझ्यामागून फुरका मारला, मग अकौंटंटांनी मारला, आणि त्यांना जोराचा ठसका लागला. लोकांना बघायला आणखी एक मिळालं.

त्या सगळ्या गोंधळात मी सर्व्हेअरांकडे वळले तेव्हा त्यांच्या हातातली वाटी रिकामी होती. टॉवेल भिजला होता, शर्टावर पांढरा ओघळ होता आणि त्यांनी तो पुसला नव्हता.

त्यांनी वाटी वाढप्याकडे सरकवली आणि मला म्हणाले, "आवाज कमी पडला, ताई. अजून एकदा मारा की."