येते म्हणावं

कार्तिकातला सोमवार. आमच्या होमस्टेच्या अंगणात मी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होते. एकदा आलेले पर्यटक त्याच गावी पुन्हा का येतात, यावर प्रबंध लिहिणारी मुग्धा महिनाभर आमच्याकडे राहून आज निघाली. सॅक पाठीला लावत म्हणाली, "मावशी, जाते."

"जाते नाही, येते म्हणावं."

"तुमचं मार्केटिंग बरंय," ती हसली. "आणि नाहीच आले तर?"

"न येणाऱ्यालाही तेच म्हणायला लावतो आम्ही."

"येते," म्हणून ती गेली. त्या शब्दात जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्याचीच सोय जास्त असते. तेवढ्यावर कामाला लागता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडताना तिची उन्हाची टोपी खुंटीवर दिसली. कुरिअरने पाठवता आली असती. मी ती झटकून पुन्हा खुंटीलाच लावली.