पडेगावचा शेवटचा लॉर्ड

विलायतेतल्या उमरावांची जेवढी काळजी पडेगावात राहणाऱ्या आमच्या मामेसासऱ्यांना आहे, तेवढी खुद्द तिथल्या राजालाही नसेल. शहागंजच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना कधीकाळी तिकडच्या सरदार घराण्यांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ सापडला आणि तेव्हापासून मामांचा मुक्काम पडेगावात, जीव लंडनात. लग्नाच्या पंगतीत ते पाहुण्यांना ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशा उतरत्या क्रमाने बसवतात. माझ्या लग्नात नवरदेव असूनही मी दोन व्हायकाउंटांच्या खाली बसून जेवलो.

ऐकणारा सापडला की मामा किताबाची कुंडली मांडतात. राजा सनद देतो, सनदेत वारस ठरतो, बाप गेला की थोरला मुलगा लॉर्ड. "अन् पोरगा नसंल तर?" असं स्वतःच विचारून ते डोळे मिटतात. "खलास! किताब बुडाला. राजानं सनदेतच लेकीचं नाव घातलं असंल तर वाचतो, नाय तर नाय." असा एखादा किताब बुडाल्याचं मोबाइलवर कळलं की मामा डोक्यावरून अंघोळ करतात आणि दिवसभर गोड खात नाहीत. आमच्या वास्तुशांतीलाच तिकडचा कोणी बॅरन निपुत्रिक वारला. "जावईबापू, श्रीखंड राहू द्या. घराणं संपलं हो," म्हणाले आणि वरणभातावर उठले. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

मामांच्या घरातही तसा एक किताब होता. गंगापूरजवळच्या त्यांच्या गावात पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी त्यांची जायची आणि कासरा त्याच घरच्या माणसाच्या हातात असायचा. मामांना एकच मुलगी. गावची शेती तीच बघते, बैलांनाही तीच जीव लावते. मामांचे गुडघे गेले त्या वर्षी गावकरी आपणहून घरी आले. "मामा, औंदा कासरा ताईनं धरावा. आमची कुणाची ना नाय." ताई दाराशीच उभी होती. तिचा उजळलेला चेहरा मला अजून आठवतो. मामा काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "तसं नाय चालत. पोरगा नाय, मान बुडाला." गावकरी चहा संपवून उठले. ताई चहाचे कप उचलून आत गेली. मला मामांचा इतका राग कधीच आला नव्हता.

यंदाच्या पोळ्याला मी गावी होतो. पहिली जोडी आता दुसऱ्या घरची जाते. ताई आपली जोडी घेऊन मागच्या रांगेत चालली होती. मामा सकाळीच डोक्यावरून न्हाले होते. बैल घरी आले, पुरणपोळीचं ताट पुढं आलं, तसं त्यांनी ते हळूच बाजूला सारलं.

मला राहवलं नाही. "मामा, बुडालेला किताब राजा पुन्हा देतो ना तिकडे?"

"देतो की. मनात आलं तर." ते अंगणातल्या बैलांकडे बघत राहिले. "गाव सनद घेऊन आलं होतं हो माझ्या दारात. लेकीचं नाव घालून आणली होती. मीच माघारी धाडली."

तेवढ्यात ताई आली. वडिलांचं न शिवलेलं ताट पाहून हसली. "दादा, आज सणाच्या दिवशी कोण लॉर्ड गेला?"

"हाय एक," मामा म्हणाले. "तुझ्या वळखीचा नाय."

"बरं," म्हणत तिने ताट उचललं आणि त्यातली पोळी बैलांना भरवायला ती अंगणात गेली.