लाल चिंध्या

वाटूरच्या फाट्यावर कुणालाही विचारा, कडूबा वायरमन कुठं राहतो, तो खांबाकडं बोट दाखवील. खरं तर तो वायरमन नाही. झिरो वायरमन. म्हणजे हजेरीपटावर नाव नाही, हातात मोजे नाहीत, पण फ्यूज उडाला की पहिला फोन त्यालाच. तीस वर्षं झाली. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, ती या धंद्यानं दिली. पूर्ण नाव कडूबा याकोब साळवे. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं पोराला कडू नाव ठेवलं, मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. बाप ख्रिस्ती झाला, स्वतःचं नाव बदलून याकोब झाला. पोराचं नाव मात्र आईनं बदलू दिलं नाही.

मी बुद्धभूषण. माझी ओळख एवढीच पुरे की तहसीलमधले बाबू मला दारात बघून चहाला उठतात. शाळा आठवीत सुटली, कायदा मी रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलो. देव, पाप, क्षमा यातलं मला काही पटत नाही. गुन्ह्याला पाप म्हटलं की गुन्हेगार सुटतो, हे माझं मत. यावरून कडूबामामाशी माझं शंभरदा वाजलं असेल. तरी दोस्ती टिकली, कारण हा माणूस कुणाला उपदेश करत नाही.

त्याची रीत वेगळी. त्यांची मंडळी पंधरा घरांची, पत्र्याच्या खोलीत उपासना. त्यातला एक जण दारू पिऊन बायकोला मारायचा. पाळकांनी भर उपासनेत त्याला झोडपलं, नाव तेवढं घेतलं नाही. माणूस यायचाच बंद झाला. मग कडूबा त्याच्या घरी गेला. पाणी मागितलं. ओट्यावर टेकला, जवानीत आपणही बायकोवर कसा हात उचलला होता ते सांगितलं, अन् उठून आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. सहा महिन्यांनी तो मागच्या बाकावर दिसायला लागला.

"जायचं, पाणी मागायचं, आपलं सांगायचं, उठायचं," मामा म्हणायचा. "त्याचं त्याला ठाऊक असतं रे. आपण कशाला वाचून दाखवायचं?"

एक गोष्ट मला खटकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांची ताटली हातोहात फिरते. ज्याच्या मनात काही सलत असेल त्यानं न घेता ताटली पुढं द्यायची, अन् शेजाऱ्यानं कारण विचारायचं नाही, अशी त्यांची चाल. एकदा मी दारात मामाची वाट बघत उभा होतो. त्यानं ताटली पुढं दिली. नंतर कळलं, अकरा वर्षं देतोय.

"का रे मामा?"

"पचत न्हाई," म्हणाला, अन् गाडीला किक मारली.

दसरा झाला, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा मका पांदीला, म्हणजे शिवारातल्या अरुंद वाटेला, लागून आहे. मका म्हटलं की रानडुकरं. त्यांच्यासाठी सोलरचं झटका मशीन मिळतं, त्यानं डुक्कर पळतं, मरत नाही. बद्रीनाथनं ते घेतलं नाही. खांबावर आकडा टाकून मळ्याभोवतीच्या तारेत थेट लाईन सोडली. दिवस मावळला की आखाड्यावरचं, म्हणजे मळ्यातल्या खोपटातलं, बटन दाबायचं, सकाळी उठून बंद करायचं. अन् त्याच पांदीनं झुंजुमुंजू व्हायच्या आत वेचणीच्या बाया जातात. बद्रीनाथला तेवढी अक्कल होती म्हणून त्यानं तारेला हातभर अंतरावर लाल चिंध्या बांधल्या होत्या. बाया चिंध्या बघून अंग चोरून जायच्या.

मला कळलं अन् माझं डोकं सटकलं. फाट्यावर हॉटेलासमोर बाकड्यावर उभा राहून मी तक्रारअर्ज मोठ्यानं वाचला, बद्रीनाथ चहा पीत असताना. सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न, कलमं, सगळं. लोक हसले. कुणी तरी म्हणालं, "बद्रीनाथ, आता जेलातच मका पेर." त्यानं कप तसाच ठेवला अन् गेला. मी छाती काढून घरी आलो.

दोन दिवसांनी ठाण्यातला साहेब तपासाला आला. तार नाही, चिंधी नाही, आकडा नाही. "काय हो कार्यकर्ते," म्हणून मलाच चार शब्द सुनावून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाल्याचं कुत्रं पांदीत मेलेलं सापडलं. जीभ बाहेर, पुढचा पाय काळा पडलेला. कडूबामामा उकिडवा बसला, वाकड्या बोटांनी गवत बाजूला केलं. आत केसासारखी बारीक तार, टाचेच्या उंचीला. दिवसा बंद होती. चिंध्या काढल्या होत्या, कारण चिंध्या म्हणजे पुरावा.

मामा माझ्यावर कधी चिडला नव्हता. त्या दिवशीही आवाज चढला नाही. "तू त्याला चौकात नागडं केलं. नागडा माणूस लपतो बाबा, सुधरत न्हाई. आधी तार दिसत व्हती, आता दिसत बी न्हाई."

मला लागलं ते. पण मी हार मानणारा नाही. "मग तू चढ खांबावर, काढ आकडा!"

"आज मी काढीन, उद्या तो टाकील. त्याला नीट टाकता येत न्हाई. तोच चिकटून मरल."

"मग बाया मरू द्यायच्या?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मामा पांदीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभा राहायला लागला. बाया आल्या की म्हणायचा, "मधून चाला माय, गवतात पाय नका ठिवू. माझ्यामागं या." कारण सांगायचा नाही. आणि दिवस मावळताना, बटन दाबायच्या वेळेला, बद्रीनाथच्या आखाड्यावर जाऊन पाणी मागायचा. बद्रीनाथ त्याला दारामागं खुंटीला अडकवलेल्या वेगळ्या ग्लासात पाणी द्यायचा. मी असतो तर तो ग्लास त्याच्या डोक्यात घातला असता. मामा प्यायचा, खळबळून ठेवायचा, पाऊस, मका, गुडघेदुखी बोलायचा. तारेचं नाव नाही. तो उठून गेला की मागं खट्ट असा आवाज यायचा.

आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी मी म्हणालो, "मी बी येतो."

"ये. पण तोंड उघडायचं न्हाई."

बद्रीनाथ बाजेवर पाय हलवत बसला होता. "आला का पाद्री! अन् हा कायद्याचा बाप कशाला आणला?" मी ओठ चावला. "पाणी द्या भाऊ," मामा म्हणाला. प्यायला. खाली मातीत बसला. मग सांगायला लागला, अन् मला वाटलं हा माणूस मी कधी ओळखतच नव्हतो.

"अकरा वर्षं झाली भाऊ. पलीकडच्या शिवारात भुईमूग व्हता. मालकानं सांगितलं, कडूबा, तारेत लाईन सोडून दे. मी आकडा टाकला. अशीच बारीक तार. सकाळी मालक पळत आला, म्हणला, जल्दी चल. श्रीपती पडेल व्हता, तारेवर. शेळी हरवली म्हणून पहाटं निघाला व्हता. आम्ही त्याला उचललं, लिंबाखाली नेऊन टाकलं. मालकानं डोकं धरलं, मी पाय धरले. गावात सांगितलं, साप चावला. मालक मेला त्याला चार वर्षं झाली. मंग मला एकट्यालाच ठाऊक व्हतं. आज तुम्हाला बी झालं."

श्रीपती म्हणजे चांगुणाबाईचा नवरा. चांगुणाबाई फाट्यावर भाजी विकते. तिच्या घरचा बल्ब गेला तरी मामा फुकट लावून देतो, बाजाराच्या दिवशी भाजी तिच्याकडूनच घेतो. ती त्याला भाऊ म्हणते. मला वाटायचं, काय भला माणूस.

बद्रीनाथचा पाय हलायचा थांबला होता. मग तो म्हणाला, "मला कशाला सांगून राह्यला? तिला सांगितलं का?"

मामानं रिकामा ग्लास खळबळून ठेवला.

"तिच्या हातची मेथी खातो अकरा वर्षं, अन् मला शिकवायला आला?"

"शिकवायला न्हाई आलो भाऊ."

"मंग?"

"ते मला बी बराबर सांगता येत न्हाई. पाय धरल्यावर किती जड लागतं, ते कुणाला तरी सांगायचं व्हतं."

बद्रीनाथ हसला. उठला. "आता ठाण्यात तू मला धाडतो का मी तुला, ते बघू." अन् आमच्या तोंडावर बटन दाबलं. खट्ट.

येताना मी बोंबललो, "झालं समाधान? गळा दिला त्याच्या हातात!" मामा गाडीच्या मागं बसला होता. घर आलं तेव्हा एवढंच म्हणाला, "त्यानं बराबर विचारलं."

दुसऱ्या दिवशी पांदीतल्या बाया पार झाल्यावर तो थेट फाट्यावर आला. चांगुणाबाई पोत्यावर मेथीच्या जुड्या मांडत होती. "ये भाऊ, आज कवळी हाये," म्हणाली. तो तिच्यासमोर खाली बसला अन् बद्रीनाथला सांगितलं तसंच, एकही शब्द न गाळता सांगितलं. मी दोन पावलांवर होतो. माझी नजर सारखी तिच्या विळ्याकडं जात होती.

तिनं जुडीचं सुतळीचं बंधन पूर्ण बांधलं. मग विचारलं, "डोकं धरलं व्हतं का पाय?"

"पाय."

"पोटरीवर काळं व्हतं. मी इचारलं व्हतं, सापाचं असं असतं का. तू म्हणला, असतं वहिनी."

"म्हणलो व्हतो."

"मी अकरा वर्षं नागपंचमीला त्या लिंबाखाली दूध ठिवते, कडूबा."

भाऊ गळून पडला होता त्यातून. मामानं मान खाली घातली ती वर केली नाही. ती म्हणाली, "मला आज का सांगितलं? काल का न्हाई? परवा का न्हाई?" तेव्हा त्यानं बद्रीनाथच्या तारेचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग ओल्या पोत्यानं भाजी झाकली अन् उठून चालायला लागली. मला वाटलं घरी गेली.

दिवस मावळताना बद्रीनाथचाच फोन आला. आवाज फाटलेला. "बुद्धभूषण, जल्दी ये. हिला घेऊन जा इथून."

आम्ही दोघं पोचलो तेव्हा चांगुणाबाई बांधाच्या गवतात बसली होती, पाय लांब सोडून. दोन्ही टाचा तारेवर. दुपारपासून बसली असणार, पदरावर गवताचं कुसळ चिकटलं होतं. बद्रीनाथ आखाड्याच्या दारात उभा, बटनापासून लांब, हात पाठीमागं.

"लाव ना," ती म्हणत होती. ओरडून नाही, गिऱ्हाइकाला बोलावं तशी. "टायम झाला ना तुझा. लाव. मला बघायचं हाये कसं व्हतं ते. मला कुणी दावलंच न्हाई."

"बाई, उठ. तुझ्या पाया पडतो."

"पाया नको पडू. पाय कडूबानं धरले व्हते, त्याला ठाऊक हाये किती जड हायेत. तू बटन लाव."

मामा पुढं झाला तशी ती म्हणाली, "तू तिथंच." तो तिथंच थांबला. अंधार उतरत होता, अन् पलीकडच्या मक्यात काही तरी जड चालत होतं, ताटं मोडत होती. डुकरं आली होती. बद्रीनाथनं तिकडं बघितलं, बटनाकडं बघितलं. पोटच्या पोरासारख्या पिकाचा कडकड आवाज तो उभ्या उभ्या ऐकत राहिला.

मग त्यानं कडूबाला हाक मारली. "आकडा काढ."

मामा खांबावर चढला, आकडा काढला. बद्रीनाथनं स्वतः तार गुंडाळली. गुंडाळून झाल्यावर दारामागचा तो ग्लास घ्यायला गेला, थांबला, आतून आपला तांब्या आणला अन् चांगुणाबाईसमोर ठेवला. तिनं पाणी घेतलं नाही.

मला म्हणाली, "तू अर्ज लिहितोस ना? लिही."

"बद्रीनाथचा?"

"त्यानं तार काढली. माझ्या नवऱ्याचा लिही."

मी हजार अर्ज लिहिले असतील. त्या दिवशी बॅटरीच्या पिवळ्या उजेडात पेन उमटेना. "श्रीपती यांना सर्पदंश झाल्याचे सांगण्यात आले" असं लिहिलं. मामा खांद्यावरून वाचत होता. "सांगण्यात आलं न्हाई. कडूबानं सांगितलं. तसं लिही," म्हणाला. तारीख, शिवार, लिंब, सगळं त्यानंच घातलं. शेवटी चांगुणाबाईनं अंगठा उठवला. बद्रीनाथनं साक्षीदार म्हणून सही केली, कुणी सांगितलं नसताना.

कडूबामामा सतरा दिवस आत होता. आता बाहेर आहे, तारखा चालू आहेत. वकील म्हणतो, पुरावा काय, कबुली मागं घे. मामा ऐकून घेतो, वकिलाला सलाम करून उठतो. पहिल्या रविवारी मी मुद्दाम पत्र्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ताटली आली, त्यानं पुढं दिली.

"आता तर सगळं सांगितलं, तरी का?" मी बाहेर विचारलं.

"तिनं अजून मेथी दिली न्हाई."

बाजाराच्या दिवशी तो तिच्या पोत्यासमोर जाऊन उभा राहतो. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघते. थोडा वेळ थांबून तो रिकामी पिशवी घेऊन घरी जातो.

परवा पांदीनं येताना बद्रीनाथचा मळा ओलांडल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या तरी बांधावर, मला गवतात काही चमकलेलं दिसलं. चिंधी नव्हती. दिवस मावळायला आला होता. माझं डोकं सटकलं, फाट्याकडं गाडी वळवली, खिशातला कागद काढला. मग गाडी बंद केली. कुठल्या तरी आखाड्यावर खट्ट वाजलं. मी कागद परत खिशात घातला अन् मामाच्या घराकडं निघालो, जपून, पांदीच्या बरोबर मधून.