बंद घराचं आवतण

आवतणे नानांनी चाळीस वर्षं घोटावड्याला जेवायला बोलावलं, पण त्यातलं एकही जेवण त्यांच्या घरचं नव्हतं. मूलबाळ नाही, म्हणून बारसं नाही, लग्न नाही. देवळाची पूजा आणि गावजेवणाचं आवतण ही दोन्ही कामं त्यांच्याकडे वडिलांपासून आलेली. कार्य दुसऱ्याचं, स्वयंपाक दुसऱ्याचा, नाना आपले काठी घेऊन दारोदार. त्यांचं खरं आडनाव मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं.

पद्धत ठरलेली. उंबऱ्यावर काठी दोनदा आपटायची, कुणाच्या घरचं ते सांगायचं, आणि मग एकच शब्द. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एकाने यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे सगळ्या घराने यायचं, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. एवढं बोलून नाना वळायचे. चहाला थांबायचे नाहीत. “च्या घेतला की म्होरल्या घरी निरोप गार हुतो,” म्हणायचे.

मला ते ‘बीएश्शी’ म्हणत. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला मी पहिला. पदवीचा कागद वडिलांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला, तेव्हा नाना बघायला आले. काठी टेकून बराच वेळ बघत राहिले.

“ही खाली सई कुणाची?”

“कुलगुरूंची.”

“वळखतोस त्येला?”

“नाही.”

“त्यो तुला?”

“नाही.”

“मंग कागद खरा कशावरनं?”

वडील रागावले. मी पण रागावलो होतो. पण पुढे ज्या कामावर मी पोट भरलं, ते सगळं काम या एका प्रश्नातच होतं.

दोन हजार सहाला मला नोकरी लागली. नांद्याच्या रस्त्याने मोटारसायकलवर हिंजवडीच्या अलीकडे जायचं, तिथे एका छोट्या कंपनीत लोकांच्या ईमेलची व्यवस्था बघायची. त्याच वर्षी गावात मुंबईकरांचं जेवण झालं. म्हणजे झालं नाही.

मुंबईकरांचं घर गावाच्या टोकाला, वर्षानुवर्षं कुलूप. एके दिवशी किराणा दुकानातल्या फोनवर नानांना बोलावणं आलं. पलीकडचा म्हणाला, “मुंबईकर बोलतोय. रविवारी वास्तुशांत करतोय. सगळ्या गावाला चूलबंद द्या.” नानांनी दिलं.

रविवारी दुपारी अख्खं गाव त्या दारापुढे. कुलूप तसंच. पहिला अर्धा तास लोक म्हणाले, स्वयंपाक मागच्या अंगाला चालला असेल. मागे जाऊन आलेले म्हणाले, मागे नुसतं गवत आहे. एकाला तरीही जिलबीचा वास आला. हौसाआजी म्हणाली, उभं राहून पाय दुखत्यात, आणि दारासमोर मांडी घालून बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली. जागा जाईल या भीतीने सगळेच बसले आणि बघता बघता कुलपापुढे चार पंगती तयार झाल्या. पाण्याचा तांब्या फिरला. वाढायला मात्र कुणी आलं नाही. ऊन उतरायला लागल्यावर लोक उठले आणि घरोघरी थंड पडलेल्या चुली शिव्या देत पेटल्या.

तो फोन कुणी केला ते आजवर कळलं नाही. मला एकावर संशय आहे, पण तो माझा चुलतभाऊ आहे.

गावाला टिंगलीचा विषय मिळाला. “नाना, आज कुनाच्या कुलपाला जेवाय जायचं?” नाना हसण्यावारी न्यायचे. पण पंधरा दिवसांनी एका खऱ्या लग्नाचं चूलबंद आवतण त्यांनी दिलं, आणि त्या दिवशी गावातल्या प्रत्येक छपरातून धूर निघाला. मांडवात निम्मा भात उरला. वरबाप पातेल्यांवर झाकणं घालत फिरला. नाना संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. पहिल्यांदाच चहा घेतला.

“माज्या सबुदावर चूल बंद न्हाई झाली, बीएश्शी. आता काठी कशाला धरू?”

त्या दिवशी मीसुद्धा साहेबांच्या शिव्या खाऊन आलो होतो. एका कारखान्याची इंटरनेटवरची पाच नावं, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ नंतर येतात ती, आमच्याकडे होती. एका नावावरून रोजची पत्रं जायची. दुसऱ्यावरून जाहिराती. उरलेली तीन दुसऱ्या कुणी घेऊ नयेत म्हणून नुसती घेऊन ठेवलेली. रोजच्या नावाला मी पक्का बंदोबस्त केला आणि चोराने त्या तीन रिकाम्या नावांतून गिऱ्हाइकांना खोटी पत्रं धाडली. तिथे राहतंच कोण, म्हणून मी तिकडे बघितलं नव्हतं.

हे सगळं ऐकून नानांनी बशी खाली ठेवली. “म्हंजी तुमच्याकडं बी मुंबईकर हायेत म्हण की.”

मग मी त्यांना सांगितलं, की इंटरनेटवर प्रत्येक नावाची एक उघडी नोंद असते. तिच्यात एक ओळ लिहून ठेवता येते: या नावाची पत्रं फक्त अमक्या यंत्रावरूनच निघतील, दुसरीकडून आली तर संशय धरा, किंवा सरळ परत पाठवा. पत्र घेणारा ती ओळ बघतो आणि ठरवतो.

“आन् ही वळ लिवतो कोन?”

“ज्याचं नाव, तो.”

नाना उठलेच. “वही आन. तू शिकलाय, तू लिव.”

तीन रविवार आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक घरी एकच प्रश्न: तुमच्या नावाने आवतण कोण देणार? बहुतेक घरं म्हणाली, नाना. पाटलांच्या घरी कळलं, की त्यांचा जावईही परस्पर आवतणं देत हिंडतो, आणि ते पाटलांनाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, आजपासून वहीबाहेरच्या माणसाला हाकलून द्यायचं. नानांनी काठी आपटली. “येवढी घाई नगं. म्हैनाभर नुसतं इचारायचं, कोण आलंय, कुनाकडनं आलंय. कळूं दे समदी. मंग हाकला.” बंद घरांपुढे मात्र पहिल्या दिवसापासून लिहिलं: ‘कुणीही नाही. आलं तर परत.’ अशी सात घरं निघाली. लोकांनी सवयीने सांगितलेली मेलेल्यांची नावं त्यांनी खोडायला लावली. “मेल्याल्याचं नाव ठिवलं की त्येच्या नावानं कोन बी येतं.”

शेवटी त्यांच्या स्वतःच्या घराची पाळी आली.

“फकस्त मी,” नाना म्हणाले. “बाकी कोन बी आलं तर परत.”

“आणि तुम्ही नसलात तर?”

“मी कुटं जातोय?”

वही देवळात खिळ्याला टांगली. काठी वाजली की लोक आधी नाव विचारायचे, मग पोराला देवळात पिटाळायचे. कधी कधी नानांनाच दारात उभं करून नाना वहीत आहेत का ते बघून यायचे. नाना खूश. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाला गावात एकाही घरातून धूर निघाला नाही. ऑफिसात मी कारखान्याच्या पाचही नावांना हाच कायदा लावला: रिकाम्यांना लगेच कुलूप, चालत्यांवर महिनाभर नजर, मग बंदोबस्त. त्या नजरेत कारखान्याने आम्हाला न सांगता जाहिराती पाठवायला नेमलेली परकी कंपनी सापडली. थेट कुलूप लावलं असतं तर कारखान्याच्या जाहिरातीच परत फिरल्या असत्या. साहेब म्हणाले, हे कुठे शिकलास? मी म्हणालो, गावात. त्यांना ती थट्टा वाटली.

तीन वर्षांनी नाना गेले. देवळाच्या पायरीवर बसले होते, तिथेच.

तेराव्याचं जेवण नानांच्या बायकोने, काकूंनी, ठरवलं. “जलमभर दुसऱ्यांचं दिलं. आपल्या घरचं येकदा तरी चूलबंद हूं दे,” म्हणाल्या आणि काठी माझ्या हातात दिली.

पहिलं घर हौसाआजीचं. काठी दोनदा आपटली.

“नानांच्या घरचं आवतण. चूलबंद.”

“तुजं नाव वहीत न्हाई,” आजी म्हणाली.

“आजी, नाना गेलेत.”

“मला म्हाईत न्हाई व्हय? मी रडून आले की. पर त्येंनी सोता सांगितलंय, त्येंच्या घरचं त्येंच्याबिगर कुनी आनलं तर परत लावायचं. आता त्ये नसताना त्येंचा सबुद मोडू?”

अकरा घरं फिरलो. अकराही घरांनी डोळे पुसत मला परत पाठवलं.

देवळात गेलो, वही काढली. माझ्याच अक्षरात ती ओळ. खिशात पेन होतं, सगळी वही माझ्याच हाताची; खाली माझं नाव घातलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. पण ज्याचं घर, त्यानेच सांगायचं. वही घेऊन काकूंकडे आलो.

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. ऐकून घेतलं. “त्येंच्यामागं घर कुनाचं? माजं. लिव तुजं नाव.” मी लिहिलं. चुलीतली काजळी अंगठ्याला लावून त्यांनी शेजारी उमटवली. वही परत खिळ्याला टांगली आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

तेराव्याला गावात धूर नव्हता. लोक घरून निघाले ते आधी देवळाकडे वळले. ज्यांना वाचता येत नव्हतं तेसुद्धा रांगेत उभं राहून काकूंचा अंगठा बघत होते आणि मगच जेवायला येत होते. हौसाआजी दोनदा बघून आली.

पंगती उठल्यावर मी वही काकूंपुढे धरली. नानांच्या नावावर काट मारायची राहिली होती. नियम त्यांचाच होता.

“ती खोडू नगंस,” काकू म्हणाल्या. “येखाद्या दिशी आलेच, तर लोक दारातनं परत लावतील त्येंना.”

मी पेनाला टोपण लावलं.