कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट

परवा दुपारी आमच्या किचनमध्ये जीव नुसता टांगणीला लागला होता...

भोईवाड्यात माझं डब्यांचं छोटं किचन आहे. मी, मालतीमावशी आणि दिवाळीनंतर कामाला लागलेली सुषमा. परळच्या ऑफिसांत दुपारचे डबे जातात. त्यातला एक प्राचीचा. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, मागे एकदा थेट ॲडमिट करावं लागलं होतं. म्हणून तिचं आम्ही आधीच वेगळं काढतो.

परवा डबे गेले, आम्ही ओटा आवरायला घेतला. तेवढ्यात सुषमा समोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"ताई, प्राचीच्या कोशिंबिरीत कूट पडलंय. माझ्याच हातून."

प्राचीला फोन लावला... उचलेना. डबेवाल्याला लावला, तर तो म्हणे, रिसेप्शनवर देऊन निघालोसुद्धा. मी परत परत प्राचीला लावत राहिले. शेवटी तिने उचलला. मीटिंग लांबली होती, डबा अजून उघडलाच नव्हता!

प्राचीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, वेळेवर कळवलंत ते बरं केलंत, उद्याचा डबा पाठवा.

चहा घेताना सुषमाला विचारलं, भीती नाही वाटली सांगायला? ती म्हणाली, खूप वाटली. आधीच्या कामावर असते, तर देवाला हात जोडून गप्प बसले असते.

"पण मावशींचं वरण करपलं ना, तेव्हा तुम्ही नुसतं म्हणालात, चला, दुसरा कुकर लावू. ते मी बघितलं होतं."

खरं सांगू? मला तो दिवस धड आठवतही नाही. मनाचा मोठेपणा वगैरे काही नसणार, डबे निघायची घाई असेल, ओरडायला वेळच नसेल... एरवी माझं तोंड कसं सुटतं, ते मावशींना विचारा.

पण त्या घाईतल्या एका वाक्याच्या भरवशावर ही मुलगी परवा बोलली. आपण बोलतो एकीला, ऐकत मात्र सगळ्याच असतात.

सुषमा, थँक्यू गं.