फिनावरची नावपट्टी

मायबाई, आमच्या यवतमाळात कुठला आलाय समुद्र! तरी समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पायातले रबराचे फिन आमच्याच हातचे. बोंडअळीनं कापूस खाल्ला, वेचणीची मजुरी गेली, तशी मी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात लागली.

रबरात काळी पूड मळून त्याची पोळी काढायची, तुकडे करून गरम साच्यात दाबायचे. साचा उघडला की बदकाच्या पंजासारखा फिन निघायचा, कडेला फालतू रबर लोंबत. ते कापायचं काम माझं. वास असा मेला चिवट, की आंघोळ करूनही जेवताना हाताला यायचा.

साच्यात पितळेची एक छोटी पट्टी बसवलेली असे, तिच्यावर कंपनीचं नाव. सकाळी एका कंपनीचं, जेवणानंतर पट्टी बदलली की दुसरीचं. रबर तेच, साचा तोच, खोकं तेवढं वेगळं. मी फोरमनला म्हटलं, "भाऊ, एकाच लेकराचं दोनदा बारसं कायले करून राह्यले?"

तो म्हणाला, "काहून, तुमचं नाही झालं का लग्नात?"

कामावरच्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसली, पण जिव्हारी लागलं.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. मले कोण विचारतं! नाव चांगलंच होतं, शहरी. पण त्या नावानं हाक आली की दुसऱ्याच कोणाला बोलावतात असं वाटून मी बसूनच राहायची. सासूबाई म्हणत, "बहिरी हाय का वो?"

जुनं नाव घेणारे एकटे बाबा उरले होते. आई मी लहान असतानाच गेली, भावंडं ताई म्हणत. बाबा फुलसावंगीहून आले की फाटकातूनच हाक मारत, अन् माझ्या हातातलं काम तसंच राही. एकदा सासूबाईंनी त्यांना ऐकवलं, "इवाईबुवा, ते नाव आता इथं चालत नाही. आमची सून हाय ती." बाबा चहा संपवून उठले. त्यानंतर ते आलेच नाहीत.

फिनाच्या कडा कापता कापता मले त्या हाकेची हुरहूर लागे. एकदा गोदामात कोणी नाही पाहून मीच माझं नाव घेतलं. स्वतःच्या तोंडून ते खरंच वाटेना. मले ते बाबांच्या तोंडून पाहिजे होतं, एकदा तरी.

दिवाळीत कारखान्याले सुटी लागली. मी माहेरी जायला एसटी पकडली, महागावला गाडी बदलली. रस्ताभर जिवाले एकच ध्यास.

बाबा अंगणात बसले होते. मले पाहून उठले, चेहरा नुसता फुलला. मग थबकले. ओठ हलवून काहीतरी आठवलं, अन् शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मले हाक मारली. सासरच्या नावानं.

"बरोबर घेतलं ना, माय? लय दिवसांपासून घोकून राह्यलो. आता माझ्यापायी तुले कोणी बोलणार नाही."

किती खूश होते ते. मी वाकून त्यांच्या पाया पडली.

"हो बाबा," मी म्हटलं, "बरोबर घेतलं."